काजव्यांच्या रात्रीलाही माणसांची मर्यादा हवी

महोदय,

मे संपत आला की भंडारदऱ्याच्या काजव्यांच्या बातम्या येतात आणि पाठोपाठ गाड्यांच्या रांगांच्या. घोटीमार्गे जाणाऱ्या त्या रांगेत आपले नाशिककर काही कमी नसतात. मुलगा कंपालाला नोकरीला असल्याने मला युगांडातलं ब्विंडी राष्ट्रीय उद्यान पाहता आलं. तिथली शिस्त इथे का येऊ नये, एवढंच विचारायचं आहे.

ब्विंडीत गोरिलांच्या एका कुटुंबाला दिवसाकाठी फार तर आठ पर्यटक भेटू शकतात, तेही तासभरच. परदेशी माणसाला त्यासाठी ८०० डॉलर पडतात. आमच्या गटातल्या एका गृहस्थांना खोकला होता. त्यांना फाटकावरूनच परत पाठवलं, रदबदली चालली नाही. आपली साधी सर्दी गोरिलांच्या जिवावर बेतू शकते, म्हणून सगळ्यांच्या तोंडाला मास्क. चढ असा, की सोबतच्या स्थानिक पोराने हात दिला नसता तर माझे गुडघे तिथेच बसले असते. वर चंदेरी पाठीचा म्होरक्या निवांत पाला ओरबाडत होता. त्याची नखं थेट आपल्यासारखी, काळी आणि मातीने भरलेली. एक पिल्लू कुतूहलाने आमच्याकडे सरकलं, तर गाइडने आम्हालाच मागे रेटलं. दहा मीटरांचं अंतर माणसाने राखायचं!

२०१९ च्या अखेरीस जाहीर झालेल्या आकड्यांनुसार डोंगरी गोरिला जगात १०६३ होते. संख्या वाढतेय म्हणून त्याआधी २०१८ मध्येच त्यांना ‘अतिसंकटग्रस्त’ यादीतून ‘संकटग्रस्त’मध्ये आणलं गेलं. सगळं गोडगोड नाही. १९९१ मध्ये उद्यान झालं तेव्हा बाट्वा आदिवासींना जंगलाबाहेर काढलं गेलं, ते दुखणं अजून आहे. पण आज प्रत्येक परवान्यातले दहा डॉलर भोवतालच्या गावांसाठी राखलेले असतात.

आता भंडारदऱ्याभोवतीच्या घाटघर, रतनवाडी, साम्रदकडे या. काजव्याचं लुकलुकणं म्हणजे मादीला घातलेली साद. हिरड्या-बेहड्याखाली गाडीचे दिवे लावून, मोबाइलचा टॉर्च पाजळून आपण ती सादच पुसून टाकतो. वर तंबूंशेजारी गाणी लावायची. पिल्लू पुढे आलं तर माणसांना मागे रेटणारा गाइड इथे कुणी नाही.

इथल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात एका रात्री किती गाड्या सोडायच्या, याचा आकडा ठरवावा आणि नोंदणी आगाऊ करावी. बाकीच्या गाड्या धरणाजवळच्या शेंडी गावातच थांबवाव्यात. पुढे गावातल्या पोरांनी लहान गटांना पायी न्यावं, आणि शुल्कातला ठरलेला वाटा ग्रामपंचायतीच्या खात्यात थेट पडावा. आकडा भरला की फाटक बंद, मग गाडीत कोणीही बसलेलं असो. हे हंगामाच्या आधी जाहीर झालं, तर लोक शनिवारी रात्री घोटीच्या नाक्यावर येऊन भांडणार नाहीत.

– एक निवृत्त शिक्षक, इंदिरानगर, नाशिक