रविवारच्या बैठकीची आठवण

मंडळी, रविवारी सकाळी १० वाजता विश्रामबागेत, नेहमीच्या हॉलवर. पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत गुंतवणूकदारांशी संपर्काचं काम बघणारी आपल्या सांगलीचीच मुलगी येतेय.

हात जोडून विनंती : "यंदा (कंपनीच्या नफ्या-तोट्याचा) निकाल कसा?" हे तिला विचारू नका. मागच्या पाहुण्यांना चहाच्या वेळी कोपऱ्यात गाठलं होतं, आम्हालाच ओशाळल्यासारखं झालं. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास उलटेपर्यंत आतली माहिती असलेल्या अशा माणसांना स्वतःच्या कंपनीचा शेअरही घेता-विकता येत नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०१५ च्या नियमावलीत तसं आहे. आतल्या माहितीची टिप देणारा अडकतो, घेणाराही.

निकालानंतर कंपनी गुंतवणूकदारांशी फोनवर बोलते, त्या कॉलचा मजकूर कसा वाचायचा, ते विचारा. स्टॉक एक्स्चेंजच्या (शेअर बाजाराच्या) साइटवर फुकट मिळतो. एखादा वाचूनच या. भडंगाची सोय मंडळाकडून.

– सचिव