पाडव्याच्या आधी एक पत्र

श्टुटगार्ट
रविवार, १ मार्च २०२६

ति. बाबांस,
साष्टांग नमस्कार.

(आई, तुलाही. दादा, तू ऑफिसात याचं प्रिंट काढ आणि कागद बाबांच्या हातात दे. मोबाईलवर दिलंस तर ते अर्ध्यावरून व्हॉट्सॲपच्या सुप्रभातांकडे वळतात.)

पत्र लिहायचं कारण म्हणजे आज दुपारचा तुमचा चेहरा. तुम्ही बोट वर करून म्हणालात, ‘मी ठरवलंय, पाडव्याला आपण’ आणि तिथेच गोठलात. तोंड उघडं, बोट वर, आणि मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर मात्र अगदी स्वच्छ दिसतंय. मग आवाज आला तो तुकड्यातुकड्यांत. ‘ऑटोमॅ... तुझ्या भावाला सां... पांढरी नाही म्हण...’ मग दादा काहीतरी ओरडला, मग सगळंच गेलं. मी तीनदा परत लावला. शेवटी आईने साध्या फोनवरून ‘जेवलीस का’ विचारलं आणि ‘हे दोघं भांडतायत’ म्हणून ठेवून दिला. म्हणजे मला कळलं ते इतकंच: गाडी १९ तारखेला, पाडव्याला बुक होतेय, आणि कुठली ते मला सोडून विक्रोळीतल्या सगळ्यांना माहीत आहे.

म्हणून माझं म्हणणं लेखी देते. आधी नेट दुरुस्त करा, मग गाडी घ्या. तुम्ही म्हणाल, नेटचा आणि गाडीचा काय संबंध? येते तिथे.

आठवतंय, कन्नमवार नगरच्या जुन्या घरात १९९९ साली आपण १७२२२२ हा नंबर फिरवून नेट लावायचो? आधी मोडेमची ती चिरचिर आणि मग तासभर फोन एंगेज. तुम्ही परदेशी गाड्यांचे फोटो उघडायचात. फोटो वरून खाली यायचा, आधी टप, मग काच, मग बॉनेट. चाकं उतरेपर्यंत लाइन तुटायची. ‘बिनचाकाच्या गाड्या बघतोय मी,’ असं तुम्ही एकदा म्हणाला होतात आणि आई तीन-तीन मिनिटांचे बिलाचे पल्स मोजत स्वयंपाकघरात उभी होती. आता टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावर, ३०० चा प्लॅन घेऊन, तुमचा चेहरा तसाच अर्धा येतो. हे बरोबर नाही.

बाबा, त्या प्लॅनच्या कागदावर ‘३०० एमबीपीएस’च्या पुढे एक बारीक शब्द आहे, ‘पर्यंत’. सगळी गंमत त्या शब्दात आहे. आधी हे बघा की फायबर आपल्या घरात येतंय की नुसतं इमारतीत. बऱ्याच ठिकाणी केबलवाला फायबर डक्टमधल्या एका पेटीपर्यंत आणतो आणि तिथून वर घरात तांब्याची साधी लॅन केबल सोडतो. तसं असेल तर इमारतीची लाइट गेली की ती पेटी झोपते, आणि घरात इन्व्हर्टर असूनही नेट नाही. तुम्ही नेहमी म्हणता ना, ‘लाइट गेल्यावर राऊटर चालू असतो तरी नेट जातं’, ते बहुतेक यामुळेच. फायबर थेट घरात असेल तर छोट्या डबीतून पिवळी किंवा पांढरी, दोऱ्यासारखी बारीक वायर निघते. ती खिळ्याला गुंडाळू नका. फायबर करकचून वळवलं की उजेड बाहेर गळतो. डबीवर लाल दिवा लागला तर दोष फायबरच्या लाइनचा, वायफायचा नाही.

राऊटर कुठे ठेवलाय तेही मला माहीत आहे, कारण व्हिडिओत दिसतो. टीव्हीच्या मागे, स्टीलच्या कपाटाला टेकून, वर गणपतीचा फोटो. गणपतीला नमस्कार, पण स्टील वायफायला आवडत नाही. आणि तुम्ही बोलता बेडरूममधून, मध्ये दोन काँक्रीटच्या भिंती. राऊटर पॅसेजमध्ये छताजवळ लावा. त्याची दोन नावं दिसतात, त्यातलं ५ गिगाहर्ट्झवालं वेगवान पण भिंतीला भिणारं, २.४ वालं हळू पण लांब जाणारं. बेडरूममधून बोलताना दुसरं लावा.

मग दादा, तू एक काम कर. लॅपटॉपला वायर लावून रात्री नऊला आणि पहाटे सहाला वेग मोज. वायरवर ३०० येत असतील आणि बेडरूममध्ये २० येत असतील, तर केबलवाल्याला शिव्या देऊन उपयोग नाही. पण सकाळी २८० आणि रात्री ४० येत असतील तर बिनधास्त दे, म्हणजे गर्दीची लाइन अनेक घरांत वाटलेली आहे. आणि १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० एमबी नव्हे, ते मेगाबिट, आठाने भाग, साडेबारा एमबी. हे तुला मी दोन दिवाळ्या सांगतेय.

तुम्हाला वाटेल, जर्मनीत बसून ही आम्हाला शहाणपण शिकवतेय. तर ऐका. माझ्या घरात अजून टेलिफोनच्या तांब्याच्या वायरीवरून नेट येतं. १९८१ साली इथल्या सरकारने देशभर हळूहळू फायबर टाकायचं ठरवलं होतं, पुढच्या सरकारने त्याऐवजी तांब्याच्या टीव्ही केबलला पसंती दिली आणि त्याचं फळ मी खातेय. करार दोन वर्षांचा. लाइन जोडायला माणूस येणार म्हणून मी सुट्टी घेऊन सकाळी आठ ते दुपारी एक दाराशी बसले, तो आलाच नाही. फरक एवढाच की डिसेंबर २०२१ पासून इथे कायदा आहे. ठरलेल्या वेळी माणूस आला नाही तर दहा युरो किंवा महिन्याच्या बिलाच्या वीस टक्के, जे जास्त असेल ते कंपनीने द्यायचं. वेग कमी मिळतोय असं वाटलं तर दूरसंचार नियामकाचं एक सॉफ्टवेअर घ्यायचं, वायर लावून तीन वेगवेगळ्या दिवशी मिळून तीस वेळा मोजायचं आणि मग बिल कमी करून मागायचं. मी मोजलं. तीसच्या तीस वेळा. ऑफिसातली पोरं म्हणाली, भारतातून आलेली बाई आमच्यापेक्षा जर्मन झाली. मी म्हटलं, हे माझ्या बाबांचं आहे, ते टायरची हवासुद्धा पंपवाल्याच्या मीटरवर विश्वास न ठेवता स्वतःच्या गेजने बघतात.

आता गाडी.

इथे जेवणाच्या सुट्टीत टेबलावर दुसरा विषयच नसतो. या गावात गाड्यांची दोन मोठी म्युझियम आहेत, मर्सिडीझचं एका टोकाला, पोर्शेचं दुसऱ्या. गेल्या महिन्यात पुन्हा मर्सिडीझच्या म्युझियममध्ये गेले. १८८६ ची ती कार्ल बेंझची तीनचाकी बघून मला दर वेळी आईची आठवण येते, कारण तिची खरी गोष्ट नवऱ्याची नाही, बायकोची आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझने दोन मुलांना घेतलं, नवऱ्याला न सांगता गाडी काढली आणि मानहाइमहून शंभरावर किलोमीटर लांब फोर्त्सहाइमला गेली. कुठे? माहेरी! वाटेत इंधन संपलं तर औषधाच्या दुकानातून घेतलं, नळी तुंबली तर टोपीच्या पिनेने साफ केली, ब्रेक झिजले तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. गाडीची पहिली लांबची टेस्ट ड्राइव्ह माहेरच्या ओढीने झाली, हे इथे कुणाला सांगून त्यातली मजा कळत नाही. आई, तुला कळेल.

तुमच्या पद्मिनीचा फोटो मी टेबलावर ठेवलाय, बाबा. कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये माझे वडील कामाला होते म्हटल्यावर इथला एक म्हातारा इंजिनियर अर्धा तास बोलत बसला, कारण त्याच्या बापाकडे फियाट ११०० होती, तुमच्या पद्मिनीची मूळ बहीण. स्टिअरिंगजवळचा हँड गिअर, थंडीत चोक ओढणं, सगळं जुळलं. त्याला मी सांगितलं की मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा भरल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली. तो म्हणाला, वीस वर्षं टॅक्सी? या मुंबईच्या पावसात? मी अभिमानाने मान हलवली. वेल्डिंग तुमचं होतं हे नाही सांगितलं, ते पुढच्या वेळी.

तर वॅगन-आरला गेल्या वर्षी पंधरा वर्षं भरली, तुम्ही फिटनेस करून, हरित कर भरून आरसी पाच वर्षं वाढवून आणलीत. ॲव्हरेज पडलं म्हणून तुम्ही मेकॅनिकवर चिडलाय, पण त्यातला थोडा दोष पेट्रोलचा आहे. आता वीस टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांशाने कमी. हिशेबाने सहा-सात टक्के ॲव्हरेज तिथेच जातं. जुन्या गाडीचे रबरी होज आणि सील तेवढे तपासून घ्या.

दादाला टाटाची सिएरा हवी आहे, हे मला न सांगता कळतं. १९९१ ची ती मागे मोठी काच असलेली सिएरा त्याने घाटकोपरला कुणाच्या तरी दारात बघितली होती तेव्हापासून त्याचा जीव तिच्यात अडकलाय. नवी चांगली आहे, नाकारत नाही. पण ती चार मीटरच्या वर जाते, म्हणजे सप्टेंबर २०२५ पासूनच्या हिशेबाने ४० टक्के जीएसटी. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी १८ टक्क्यांत, इलेक्ट्रिक ५ टक्क्यांत. आणि आपल्याला मिळालंय स्टॅक पार्किंग, गाड्या एकावर एक ठेवायचं. ‘एसयूव्ही’ म्हणून नाचण्याआधी खाली जाऊन पॅलेटच्या, म्हणजे गाडी ज्यावर उभी राहते त्या लोखंडी फळीच्या, पाटीवर किती वजन आणि किती उंची लिहिलीय ते वाचा. काही पॅलेटवर सेदानच्या वर काही बसत नाही. पाटी वाचून फोटो पाठवा. हे काम दादाचं नाही, तुमचं, तो पाटी न वाचता टोकन भरेल.

इलेक्ट्रिक घ्यायची असेल तर मला आनंदच, पण परत तोच शब्द: ‘पर्यंत’. ४५ युनिटच्या बॅटरीला जाहिरातीत पावणेपाचशेच्या वरचा आकडा दिसतो. तो रोलरवरच्या चाचणीचा. त्या चाचणीत गाडी ताशी नव्वदच्या वर कधी जात नाही. एसी लावून, चार माणसं आणि आंब्याच्या पेट्या घालून साडेतीनशे धरा. संगमेश्वर तीनशेच्या आसपास, म्हणजे जेमतेम पुरेल, वाटेत एकदा चार्जिंगला थांबलेलं बरं. आईला चहा हवाच असतो, तेव्हा त्याचं मला काही वाटत नाही. मला काळजी आहे ती घरची. १५ ॲम्पियरच्या प्लगवर ती बॅटरी पूर्ण भरायला पंधरा तासांच्या वर, साडेसात किलोवॅटच्या चार्जरवर सहा-सात. दोन्हीला वायर आपल्या मीटरपासून पॅलेटपर्यंत यायला हवी आणि पॅलेट वर-खाली हलतो! सेक्रेटरीकाकांची एनओसी लेखी घ्या. ‘बघू, करून देऊ’ ही एनओसी नाही.

आणि आता नेटचा संबंध. नव्या गाड्यांचं सॉफ्टवेअर मोबाईलसारखं अपडेट होतं. गाडीत सिम असतं, पण पॉडियमच्या, म्हणजे पार्किंगच्या, दुसऱ्या लेव्हलला तुमच्या फोनलाच रेंज नसते, गाडीच्या सिमला कुठून येणार? काही गाड्या मोठं अपडेट वायफायवर मागतात. आमच्या ऑफिसातल्या एकाने तळघरातल्या गाडीसाठी चार मजले लॅन केबल सोडली आणि शेजारणीने तिच्यावर कपडे वाळत घातले. तेव्हा डीलरला विचारा: कनेक्टेड फीचर्स किती वर्षं फुकट, पुढे किती पैसे, आणि नेट नसताना काय काय चालतं? उत्तर देताना तो टॅब्लेटवर बोट फिरवत राहिला तर त्याला माहीत नाही असं समजा.

माझं मत विचाराल तर मी ऑटोमॅटिकच्या बाजूने. तुमचा डावा गुडघा क्लचला कंटाळलाय हे तुम्ही कबूल करणार नाही, पण पूर्व द्रुतगती मार्गावर घाटकोपरला अडकलात की तुम्ही व्हिडिओत गुडघा चोळत असता. टेस्ट ड्राइव्हला आईला न्या, आणि शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर नाही, फुटपाथला लावून तिला चढ-उतर करू दे. दोनदा. सीट फार उंच असेल तर तिला पाय टाकता येत नाही, फार खाली असेल तर उठता येत नाही. तिने ‘ठीक आहे’ म्हटलं तर ती गाडी नको. ‘बरी आहे’ म्हटलं तर घ्या.

२९ मार्चला आमची घड्याळं पुढे जातात, मग आपल्यात साडेतीनच तासांचा फरक. म्हणजे संध्याकाळी तुम्ही जेवायच्या आधी बोलता येईल. तोपर्यंत राऊटर पॅसेजमध्ये गेलेला असावा. पाडव्याला शोरूममधून कॉल करू नका, तिथल्या गर्दीत काही ऐकू येत नाही. घरी आल्यावर करा.

आणि बाबा, ‘पांढरी नाही म्हण...’ च्या पुढे काय होतं? पांढरी नाही म्हणजे मग कुठली?

तुमची,
धाकटी

ता. क. दादा, लाल रंग म्हणालास तर मी बाबांच्या बाजूने.