पहिल्या वर्षी दहा पराभव

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या प्रशिक्षकांना मिळणाऱ्या पैशांबद्दल आपल्या क्रीडा पानावर आलेला मजकूर वाचला. लुइझियाना स्टेट विद्यापीठाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रायन केली यांना ऐन हंगामात काढलं आणि करारानुसार सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलरचं देणं विद्यापीठाच्या अंगावर आलं. हा आकडा वाचून कुणाचेही डोळे विस्फारतील. पण 'एवढा पैसा असेल तर ही नोकरी कुणाला नको होईल?' असा जो सूर त्या मजकुरात होता, तो मला पटला नाही. मी बरीच वर्षं आयोवा सिटीत राहते. इथे या खेळाची चर्चा किराणा दुकानापासून दवाखान्याच्या प्रतीक्षागृहापर्यंत चालते. कोणती नोकरी चांगली आणि कोणती नुसती दिसायला चांगली, यावर लोक तावातावाने बोलतात. त्या चर्चेत पगार फार लवकर मागे पडतो.

हा गोव्यात किंवा कोल्हापुरात खेळला जाणारा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळण्याचा, अंगावर धडका घेण्याचा हा अमेरिकी खेळ विद्यापीठांच्या नावाने खेळला जातो आणि मिशिगन, ओहायो स्टेट, पेन स्टेट यांच्या स्टेडियममध्ये एकेका शनिवारी लाखाहून जास्त माणसं बसतात. आपल्याकडची कितीतरी मुलं पर्ड्यू, इलिनॉय, मिशिगन अशा विद्यापीठांत इंजिनीअरिंगला येतात आणि पहिल्याच सत्रात त्या रंगाचा टी-शर्ट घालून घरी फोटो पाठवतात, त्यामुळे ही नावं आपल्या वाचकांना परकी नसावीत. अनेक राज्यांत सरकारी तिजोरीशी जोडलेल्या संस्थांमधला सर्वाधिक पगाराचा माणूस हा फुटबॉलचा मुख्य प्रशिक्षक असतो. आमच्या आयोवातही तेच आहे.

आता ही नोकरी कशामुळे हवीशी होते? सगळ्यात आधी बघतात ती जमीन, म्हणजे आसपासच्या शाळांमधून खेळाडू किती निघतात ते. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, कॅलिफोर्निया इथे शाळेतल्या फुटबॉलमधूनच तयार मुलं मिळतात. लुइझियाना राज्य लहान, पण तिथली मुलं फार गुणी आणि राज्यात त्या तोलाचं दुसरं विद्यापीठ नाही. त्याखालोखाल येते कॉन्फरन्स, म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, कारण टीव्हीचा पैसा तिच्यामार्फत येतो. एसईसी आणि बिग टेन या दोन कॉन्फरन्सचं पारडं सध्या एवढं जड आहे की २०२४ मध्ये पॅक-१२ ही कॉन्फरन्स फुटली तेव्हा ऑरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट ही दोन विद्यापीठं अक्षरशः मागे राहिली आणि तिथली प्रशिक्षकपदं काही महिन्यांत उतरत्या दर्जाची ठरली. मैदानं मात्र तीच होती. जुलै २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत. पहिल्या वर्षासाठी सर्व खेळ मिळून एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा होती. त्यामुळे देणगीदारांचे हात किती सैल आहेत, हेही आता प्रशिक्षक मुलाखतीतच विचारून घेतात.

या सगळ्या कसोट्या लावल्या तर लुइझियाना स्टेटची नोकरी देशातल्या पहिल्या चार-पाचांत बसते. निक सेबन यांनी तिथे २००३ च्या हंगामात राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, त्यांच्यानंतर आलेल्या लेस माइल्स यांनी २००७ मध्ये आणि त्यांच्यानंतरच्या एड ऑर्जेरॉन यांनी २०१९ मध्ये. लागोपाठ तीन प्रशिक्षक, तिघांनाही विजेतेपद. अशी खुर्ची क्वचितच सापडते. पण त्याच खुर्चीची पुढची गोष्ट बघा. माइल्स यांना २०१६ च्या हंगामात मध्येच काढलं. ऑर्जेरॉन यांचा २०१९ चा संघ एकही सामना हरला नव्हता, तरी दोन वर्षांत त्यांना जावं लागलं. केली नोत्र दामसारखं नामांकित विद्यापीठ सोडून दहा वर्षांच्या कराराने आले होते, त्यांना चार हंगामही पुरे करू दिले नाहीत. आता लेन किफिन तिथे गेले आहेत, तेही मिसिसिपी विद्यापीठाच्या संघाने अकरा सामने जिंकून राष्ट्रीय प्लेऑफमध्ये मजल मारलेली असताना, संघाला मध्येच सोडून. ही नोकरी मोठी आहे यात शंका नाही. पण तिला मी चांगली म्हणणार नाही.

माझ्या मते चांगल्या नोकरीची खरी खूण वर बसलेल्या माणसांत असते. विद्यापीठाचे अध्यक्ष आणि क्रीडा संचालक यांनी एक माणूस विचारपूर्वक निवडला, तर पहिली दोन वाईट वर्षं ते सोसतील का? या प्रश्नाचं उत्तर जाहिरातीत मिळत नाही, ते इतिहासात शोधावं लागतं. आणि आमच्या आयोवाचा इतिहास याबाबत फार बोलका आहे.

१९७९ मध्ये हेडन फ्राय इथे आले तेव्हा आयोवाने सतरा वर्षांत एकदाही हरलेल्यापेक्षा जास्त सामने जिंकलेले नव्हते. फ्राय यांच्या पहिल्या वर्षी पाच विजय, सहा पराभव. दुसऱ्या वर्षी त्याहून वाईट, चार आणि सात. तिसऱ्या वर्षी संघ थेट रोझ बोल या मानाच्या सामन्यात गेला. फ्राय वीस वर्षं राहिले आणि त्यांच्या हाताखाली जी माणसं घडली ती यादी आजही इथले जुने लोक कौतुकाने म्हणून दाखवतात. त्यातले बिल स्नायडर १९८९ मध्ये कॅन्सस स्टेटला गेले. देशातली सगळ्यात वाईट नोकरी म्हणून तेव्हा तिचं नाव घेतलं जाई. पहिलं वर्ष एक विजय, दहा पराभव. बॅरी अल्वारेझ १९९० मध्ये विस्कॉन्सिनला गेले. पहिलं वर्ष एक विजय, दहा पराभव. कर्क फेरेन्ट्झ १९९९ मध्ये फ्राय यांच्याच जागी आयोवाला आले. पहिलं वर्ष पुन्हा तेच, एक आणि दहा.

स्नायडर यांच्या नावाने आज कॅन्सस स्टेटचं स्टेडियम आहे. अल्वारेझ यांनी चौथ्या वर्षी विस्कॉन्सिनला रोझ बोल जिंकून दिला. फेरेन्ट्झ यांचं दुसरं वर्षही तीन विजय आणि नऊ पराभवांचं गेलं, आणि इथे तेव्हाच्या लोकांच्या मनःस्थितीचा विचार करावा लागतो. अनेकांना फेरेन्ट्झ नकोच होते. त्यांना आयोवाचाच माजी खेळाडू बॉब स्टूप्स हवा होता, पण स्टूप्स ओक्लाहोमाला गेले, आणि नेमक्या त्याच २००० च्या हंगामात त्यांनी ओक्लाहोमाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. हातचा सोडून भलताच आणला, ही ओरड तेव्हा किती झाली असेल, याची कल्पना आपल्याकडच्या क्रिकेटप्रेमींना सहज यावी. तरीही विद्यापीठाने फेरेन्ट्झ यांना हात लावला नाही. २००२ मध्ये आयोवाच्या कॉन्फरन्समधले, म्हणजे बिग टेनमधले, आठही सामने त्यांनी जिंकले. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ओहायो स्टेटचे जुने प्रशिक्षक वुडी हेज यांना मागे टाकून ते बिग टेनचे सर्वाधिक विजयांचे प्रशिक्षक झाले. १९७९ पासून आजवर आयोवाने दोनच मुख्य प्रशिक्षक पाहिले.

शेजारच्या नेब्रास्काकडे बघितलं की हे जास्त ठसतं. राज्याची लोकसंख्या अवघी वीस लाखांच्या आसपास, पण लिंकनमधल्या स्टेडियमची सगळी तिकिटं १९६२ पासून प्रत्येक सामन्याला विकली जातात. टॉम ऑस्बर्न यांनी १९९४, १९९५ आणि १९९७ अशी विजेतेपदं दिलेली. इतकं प्रेम करणारा प्रेक्षक कुठल्या प्रशिक्षकाला नको असेल? त्याच नेब्रास्काने २००३ मध्ये फ्रँक सोलिच यांना काढलं, त्या हंगामात नऊ सामने जिंकलेले असताना. बो पेलिनी यांनी सातही हंगामांत किमान नऊ विजय मिळवले. २०१४ मध्ये आमच्याच मैदानावर आयोवाला हरवलं आणि दोन दिवसांत त्यांना घरी पाठवलं. पुढे ज्या स्कॉट फ्रॉस्ट यांना मोठ्या आशेने आणलं, त्यांना २०२२ च्या सप्टेंबरमध्ये काढताना तीन आठवडे थांबले असते तर द्यायची रक्कम निम्म्यावर आली असती. तेवढाही दम धरवला नाही. १९९९ नंतर नेब्रास्काला कॉन्फरन्सचं विजेतेपद मिळालेलं नाही. तिथल्या माणसांविषयी मला मनापासून आदर आहे, आणि म्हणूनच हे बघून वाईट वाटतं. ज्याला नऊ विजयांनंतरही काढतात, त्याच्या जागी येणारा माणूस पाया घालायला वेळ काढणारच नाही.

आता मला कुणी इंडियानाचा दाखला देईल आणि तो द्यायलाच हवा. २०२३ मध्ये तीन विजयांवर थांबलेल्या या विद्यापीठाने कर्ट सिग्नेटी यांना आणलं. २०२४ मध्ये संघाने अकरा सामने जिंकले आणि २०२५ मध्ये ओहायो स्टेटला १३-१० असं हरवून बिग टेन जिंकलं. ट्रान्सफर पोर्टल या नोंदणीच्या सोयीमुळे खेळाडू वर्षाच्या आत संघ बदलू शकतात, सिग्नेटींनी आपल्या जुन्या जेम्स मॅडिसनच्या संघातूनच तेराजण सोबत आणले, मग चार वर्षं थांबायची गरज काय, असं आता प्रत्येक विद्यापीठाचे देणगीदार विचारताहेत. या प्रश्नात तथ्य आहे. वाईट संघ पूर्वीपेक्षा लवकर सुधारू शकतो, हे मान्यच आहे. पण इंडियानाने निवडलेला माणूस तेव्हा ६२ वर्षांचा होता. पुढे अलाबामा विद्यापीठात गेलेल्या सेबन यांच्या हाताखालची मानाची जागा सोडून पेन्सिल्व्हेनियातल्या एका लहान विद्यापीठाचा मुख्य प्रशिक्षक होण्यासाठी तो २०११ मध्ये गेला होता, तिथून एलॉन, मग जेम्स मॅडिसन. त्याला शिकायला जो वेळ लागला तो इतर संस्थांनी दिला. इंडियानाने त्याचं तयार फळ घेतलं आणि दुसऱ्यांच्या नजरा वळायच्या आत, ऑक्टोबर २०२५ मध्येच, आठ वर्षांचा नवा करार पुढे ठेवला. तो करार साधारण ९ कोटी ३० लाख डॉलरचा होता, पण मला त्यातली आठ वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात.

धीर धरण्याचीही एक वाईट बाजू आहे आणि आयोवाचं कौतुक करताना मी ती लपवणार नाही. २०२० मध्ये अनेक माजी कृष्णवर्णीय खेळाडूंनी इथे मिळालेल्या वागणुकीबद्दल उघडपणे लिहिलं. वर्षानुवर्षं तीच माणसं त्याच जागी असल्यामुळे त्यांना विचारणारं कुणी उरलं नव्हतं. व्यायाम प्रशिक्षकाला जावं लागलं, पुढे खटला झाला आणि २०२३ मध्ये तो ४० लाख डॉलरहून जास्त रकमेवर मिटला. फेरेन्ट्झ यांचा मुलगाच आक्रमणाचा समन्वयक, म्हणजे गुण मिळवणाऱ्या फळीचा प्रशिक्षक, होता आणि गुण निघत नसतानाही कितीतरी काळ टिकला, यावरही लोक चिडले होते. तेव्हा वेळ देणं म्हणजे डोळे मिटून घेणं नव्हे. सामने हरणाऱ्याला थांबू द्यावं, मुलांना वाईट वागवणाऱ्याला एक दिवसही देऊ नये. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, आणि ज्या विद्यापीठाला त्या वेगळ्या ठेवता येतात तिथली नोकरी मी सगळ्यात वरची मानेन.

आणखी एक सांगते. आयोवाच्या किनिक स्टेडियमला लागूनच मुलांचं रुग्णालय आहे. २०१७ पासून प्रत्येक घरच्या सामन्यात पहिला क्वार्टर संपला की जवळजवळ सत्तर हजार माणसं उभी राहतात आणि वरच्या मजल्यावर काचेशी बसलेल्या आजारी मुलांकडे बघून हात हलवतात. प्रतिस्पर्धी संघ, पंच, सगळेच. पाहुणे प्रशिक्षकही हात हलवतात. अशा गावात काम करायला मिळणं ही कुठल्याही करारात न लिहिलेली मिळकत आहे आणि ज्यांना देशभरातून बोलावणी येतात ते प्रशिक्षक इथे का राहतात, याचं थोडं उत्तर मला त्यात दिसतं.

फेरेन्ट्झ यांनी सत्तरी गाठली आहे. ही जागा आता केव्हातरी रिकामी होईल आणि त्या दिवशी नव्या माणसाचा पगार किती, ही बातमी आपल्यापर्यंतही पोहोचेल. ती छापलीत तर करार किती वर्षांचा आहे आणि मुदतीआधी काढल्यास कुणी काय द्यायचं, हेही कृपया छापावं. सोबत १९९९ आणि २००० या दोन हंगामांचे आयोवाचे निकाल एका ओळीत द्यावेत, ही विनंती.

आपली,
एक वाचक
आयोवा सिटी, अमेरिका