पाळकसाहेब, तुम्ही बापूंचा हात धरलात

आदरणीय पाळकसाहेब,
प्रभूमध्ये सलाम.

बापूंना मूठमाती देऊन सहा आठवडे होत आले. समाचाराला आलेल्या सगळ्यांचे आभार मी तोंडी मानले. तुमचे मानायला गेलो की घसा दाटतो, म्हणून लिहितोय. उघडपणे लिहितोय, कारण आपल्या चर्चच्या मंडळीतल्या काहींनी हे वाचावं अशी माझी इच्छा आहे.

बापू अकरा महिने अंथरुणावर होते. मंडळीतून कुणी आलंच नाही, असं मी म्हणणार नाही. नाताळात आले होते. उभ्याउभ्या प्रार्थना केली, फळांची पिशवी बापूंच्या हातात देऊन फोटो काढला आणि गाडीत बसायच्या आत तो ग्रुपवर टाकला. बापूंनी भिंतीकडे तोंड केलं ते संध्याकाळपर्यंत वळवलं नाही. नंतर कुणी फिरकलं नाही. एका पंचांनी तर आईला तोंडावर ऐकवलं, "मास्तरांचा स्वभावच तसा, म्हणून माणसं येत नाहीत."

स्वभाव तापट होता, ते तुमच्याइतकं कुणी सोसलं? इमारत फंडाच्या हिशेबावरून बापू भर सभेत तुम्हाला नको नको ते बोलले होते. हिशेब चोख निघाला, तरी त्यांनी तुमची माफी मागितली नाही. पुढे तुम्ही निवृत्त झालात आणि बोलणं कायमचं खुंटलं.

आणि फेब्रुवारीतल्या त्या दुपारी तुम्ही दारात उभे. खांद्याला शबनम, एकटेच.

बापूंच्या पायावरची चादर सरकली आणि तुम्हाला नखं दिसली. पिवळी, जाड, शिंगासारखी वळलेली. मी त्यांचा मुलगा, पण शुगरवाल्याच्या पायाला जखम झाली तर, या भीतीआड मी महिनोन् महिने तो किळसवाणा वाटणारा भाग झाकून ठेवला होता. तुम्ही आईकडून परात आणि कोमट पाणी मागून घेतलंत. पाण्यात आधी स्वतःचं कोपर बुडवून पाहिलंत. बापूंच्या पायांना चटका कळत नव्हता, हे तुम्हाला न सांगता कळलं.

बापूंनी पाय आखडून घेतले. "तुम्ही नाही. तुम्ही पाळक आहात."

तुम्ही एवढंच म्हणालात, "मास्तर, हा धडा तुम्हीच शिकवायचात ना?"

शिकवायचे. संडेस्कूलमध्ये योहानाचा तेरावा अध्याय बापूंच्या आवडीचा. धुळीच्या रस्त्यांवरून आलेल्यांचे पाय धुणं हे चाकराचं काम. येशूने, प्रत्यक्ष गुरूने, ते करायला घेतल्यावर पेत्र या शिष्याला ते सोसवेना, तो नाही म्हणाला. मग येशूला धरून देणाऱ्या शिष्याबद्दल बापू आम्हाला विचारायचे, "यहूदाचे पाय धुतले की नाही?" आम्ही गप्प. मग तेच सांगायचे, "यहूदा उठून गेला तो नंतर. म्हणजे त्याचेही धुतले." २०१३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या बालसुधारगृहात गुडघे टेकून बारा कैदी मुलामुलींचे पाय धुतले, त्यांत मुसलमानही होते. ते कात्रण आमच्या कट्टर प्रोटेस्टंट बापूंनी बायबलमध्ये जपून ठेवलं होतं. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला, हे सांगताना तर त्यांचा आवाज कापायचा. लीनता त्यांना मनापासून आवडे, पण स्वतःचा पाय दुसऱ्याच्या हातात देणं मात्र त्यांना जमत नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी दिला.

तुम्ही जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसलात. एकेक नख थोडं थोडं, सरळ कापत गेलात, कोपऱ्यात खोल गेला नाहीत. पाऊण तास लागला. त्या वेळात तुम्ही दोघं फक्त पावसाबद्दल आणि कांद्याच्या भावाबद्दल बोललात. फंडाचा विषय तुम्ही काढला नाहीत, क्षमा केल्याचंही बोलून दाखवलं नाहीत.

पण पाळकसाहेब, माझ्या मनात घर करून राहिलंय ते त्यानंतरचं. उठताना तुमचा गुडघा अडला. मी पुढे धावलो, तोवर बापूंनी पलंगावरून हात पुढे केला होता. काडीसारखा हात, त्यात जोर कसला! तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, डोळ्यांनीच मला थांबवलंत आणि तो हात धरलात. दुसऱ्या हाताने पलंगाचा कठडा धरून सगळा भार त्यावर घेतलात आणि उठल्यावर म्हणालात, "मास्तर, बरं झालं तुम्ही होतात."

अकरा महिन्यांत बापूंना कुणाच्या उपयोगी पडता आलं नव्हतं. सगळे त्यांना देत होते. आम्हीसुद्धा, आणि देताना जरा वरूनच देत होतो. त्यांच्याकडून काही घ्यावं, हे फक्त तुम्हाला सुचलं. ख्रिस्त स्वतःला 'सौम्य व लीन' म्हणतो ते मी लहानपणापासून ऐकत आलोय. ते शब्द मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसले. अशी माणसं आपल्यात आहेत. व्यासपीठावर ती सहसा दिसत नाहीत, पण त्यांच्या आधारावर मंडळी उभी आहे.

तुम्ही गेल्यावर बापू बराच वेळ आपल्या तळहाताकडे पाहत होते. रात्री आईला म्हणाले, "पाळकांचा गुडघा फार दुखतो गं. आपल्याकडचं तेल पाठवून दे."

ते पाठवायचं राहून गेलं. बाटली मी काढून ठेवली आहे. रविवारी उपासनेनंतर घेऊन येतो.

तुमचा,
मास्तरांचा धाकटा