जोईला सुधारायची घाई

महोदय,

जुन्या हॉलिवूड संगीतपटांवरील आपल्या लेखावर आलेली दोन पत्रे वाचली. एका वाचकभगिनींना ‘पॅल जोई’ हा चित्रपट म्हणजे बायकांचा अपमान वाटतो. दुसरे गृहस्थ म्हणतात, जोईच्या भूमिकेत फ्रँक सिनात्रा गातोय ना, मग बाकीचे कशाला बघायचे? माझी तक्रार उलटीच आहे. १९५७ च्या या चित्रपटातला जोई पुरेसा नालायकच नाही.

जॉन ओहारा यांच्या पत्ररूप कथांमधला जोई गोडबोल्या, फुशारक्या मारणारा आणि पक्का मतलबी. १९४० साली संगीतकार रॉजर्स आणि गीतकार हार्ट यांनी त्याला ब्रॉडवेवरच्या संगीत नाटकात आणले, भूमिका जीन केलीची. शिकागोचा हा नाच्या एका श्रीमंत विवाहितेच्या पैशावर क्लब काढतो आणि शेवटी एकटा पडतो, पण सुधारत मात्र नाही. तेव्हाही काही समीक्षकांनी नाके मुरडली होती. पण १९५२ मध्ये तेच नाटक पुन्हा आले आणि पहिल्यापेक्षा जास्त चालले.

पडद्यावर मात्र सेन्सॉरची भीती. विवाहितेची विधवा केली, गाण्यांतल्या चावट ओळी धुऊन काढल्या, आणि शेवटी जोई दुसऱ्या नायिकेसोबत, म्हणजे किम नोवॅकसोबत, सुखाने चालू लागतो! दीड तास ज्याचे रंग पाहिले, त्याला असा पाच मिनिटांत सज्जन करून टाकायचा? आपल्या रंगभूमीवरचा लखोबा लोखंडे शेवटच्या अंकात सुधारावा, असे कधी कुणाला वाटले का?

वाचकभगिनींना मी एक प्रसंग पुन्हा पाहायला सुचवीन. जोई क्लबात ‘द लेडी इज अ ट्रॅम्प’ गातो, ते त्या विधवेच्या भूमिकेतल्या रिटा हेवर्थला उद्देशून. त्या वेळी त्याच्याकडे नव्हे, तिच्याकडे पाहा. हा माणूस काय लायकीचा आहे हे तिला पुरते कळते, तरी ती उठून त्याच्याबरोबर नाचते. इथे मला अपमान दिसत नाही, समजून-उमजून केलेला सौदा दिसतो. (पटकथेत ती ‘वय झालेली’ बाई, प्रत्यक्षात हेवर्थ सिनात्रापेक्षा जवळजवळ तीन वर्षांनी लहान होती. अपमान शोधायचाच तर इथे शोधावा.)

जाता जाता, आपल्या लेखातल्या दोन उणिवा. ‘द लेडी इज अ ट्रॅम्प’ हे गाणे मूळ नाटकातले नाही. ते रॉजर्स आणि हार्ट यांच्याच १९३७ च्या ‘बेब्ज इन आर्म्स’ या नाटकातून उचललेले आहे. आणि दोन्ही नायिकांच्या गायनाचे आपण तोंड भरून कौतुक केले आहे, पण त्या स्वतः गायलेल्याच नाहीत. हेवर्थला आवाज गायिका जो अ‍ॅन ग्रीरचा, नोवॅकला ट्रुडी अर्विनचा. लता-आशांच्या गावातल्या वर्तमानपत्राने ही दोन नावे तरी गाळायला नको होती.

– एक वाचक, मुंबई