पेपर फाडणारी पोरं आणि हरायला आलेली टीम

संपादक साहेब, नमस्कार.

पत्र जरा लांबलंय. कापायचं झालं तर मधलं कापा, पण शेवटची विनंती तेवढी राहू द्या.

मी मूळचा भायखळ्याचा. नागपाड्याला मस्तान वायएमसीएच्या बास्केटबॉल कोर्टच्या कडेला उभं राहून मॅच बघत मोठा झालो. अब्बास मुंतसिर आमच्या नागपाड्याचे, भारताचे कॅप्टन, 1970 चा अर्जुन पुरस्कार मिळालेले, हे त्या गल्लीतलं शेंबडं पोरगंसुद्धा सांगायचं. सध्या लेकीकडे अमेरिकेत आलोय, कॅन्सस सिटीजवळ, आणि जावयांनी एमएस केलं ती कॅन्सस युनिव्हर्सिटी तिथून पाऊण तासावर लॉरेन्स गावात आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते म्हणाले, बाबा, सीझन सुरू झालाय, चला मॅचला. मी म्हटलं कुणाशी आहे, तर त्यांनी एका कॉलेजचं नाव सांगितलं जे त्यांनाही गूगल करावं लागलं!

गाव म्हणजे लाखाच्या आतली वस्ती, आणि हॉल पंधरा हजारांवर लोकांचा, 1955 सालचा. ॲलन फील्डहाऊस. बाहेरून एखाद्या जुन्या गिरणीची शेड वाटावी असं दगडी, उंच, आत लाकडी बाकं, गुडघे पुढच्याच्या पाठीला लागतात. आणि सामना असा की कोण जिंकणार हे आधीच सगळ्यांना ठाऊक, तरी हॉल भरलेला. आपल्याकडे फायनलला सुद्धा प्लेयर्सचे आईवडील आणि समोसेवाला एवढेच असतात, म्हणून मला हे आधी पचेचना.

आता पेपरची गंमत सांगतो, तुम्हाला आवडेल का चिडाल माहीत नाही. पाहुण्या टीमची नावं पुकारायला लागले आणि विद्यार्थ्यांच्या अख्ख्या स्टँडने पेपर उघडून तोंडासमोर धरले, जणू सकाळचा चहा चाललाय आणि तुम्ही कोण आलात याच्याशी आम्हाला काही घेणंदेणं नाही. नुसते धरले नाहीत, फडफडवत होते. मग आपल्या टीमचं पहिलं नाव पुकारलं की तेच पेपर टराटरा फाडून हवेत. माझ्या स्वेटरवर, शेजारच्या आजीबाईंच्या पॉपकॉर्नमध्ये, सगळीकडे तुकडे. एवढी कॉलेजची पोरं एका जागी हातात छापील पेपर घेऊन बसलेली मी पुण्या-मुंबईत तरी गेल्या दहा वर्षांत बघितली नाहीत, भले वाचायला नसेल.

खेळाआधी सगळे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून कॉलेजचं गाणं म्हणत डोलतात आणि मग संथ लयीत 'रॉक चॉक, जेहॉक' सुरू होतं (जेहॉक हे त्यांच्या टीमचं टोपणनाव). घोषणा म्हणावी तर ती ओरडत नाहीत, आळवतात. देवळात आरतीनंतर मंत्रपुष्पांजलीला सगळ्यांचा आवाज खाली जाऊन एक होतो ना, तसं काहीसं. माझ्या अंगावर काटा आला, आणि माझा तर त्या कॉलेजशी जावयापलीकडे काही संबंध नाही.

खेळाचं म्हणाल तर पहिली दहा मिनिटं मी क्वार्टर कधी संपतो याची वाट बघत होतो, मग कळलं की इथे मुलांच्या कॉलेज मॅचला 20-20 मिनिटांचे दोन हाफच असतात (मुलींच्या मॅचला मात्र क्वार्टर, हे काय गौडबंगाल देव जाणे). शॉट क्लॉक, म्हणजे बॉल हातात आल्यावर बास्केटवर टाकायला मिळणारा वेळ, 30 सेकंदांचा, आपल्याकडे 24. त्या सहा सेकंदांनी खेळ किती बदलतो! बॉल फिरवत बसायला वेळ मिळतो, कोच ओरडून ठरलेली खेळी लावतो. हाफमध्ये टीमचा सातवा फाऊल झाला की समोरच्यांना 'वन अँड वन', म्हणजे पहिला फ्री थ्रो बास्केटमध्ये गेला तरच दुसरा मिळणार, दहाव्या फाऊलपासून सरळ दोन. ही वन अँड वनची धाकधूक मला फार आवडली, आपल्याकडे आणायला हवी.

पण खरं सांगायचं तर मोठ्या टीमचा, म्हणजे कॅन्ससचा, खेळ विस्कळीत होता. पास द्यायचा तिकडे माणूसच नाही, दोघं एकाच कोपऱ्यात, बॉल बाहेर. जावई म्हणाले निम्मी टीम यंदा नवीन आहे, ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू बघणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून आलेली. 2021 पासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात, 2025 पासून तर कॉलेजच थेट पैसे देऊ शकतं, त्यामुळे पोरं दरवर्षी कॉलेज बदलतात आणि नोव्हेंबरमध्ये एकमेकांची ओळख करून घेत असतात. पैसा मिळू दे हो, तिकिटाचे पैसे याच पोरांच्या घामावर येतात. पण चार वर्षं एकाच जर्सीत वाढताना बघायची जी मजा होती ती गेली असं मागच्या रांगेतले म्हातारे बोलत होते, आणि म्हातारे सगळीकडे हेच बोलतात म्हणा, मीपण.

मला मात्र खरी मॅच दिसली ती पाहुण्यांच्या बाकावर. ही लहान कॉलेजं सीझनच्या सुरुवातीला मोठ्यांकडे पैसे घेऊन खेळायला जातात, एका मॅचचे लाखभर डॉलरच्या आसपास, त्यावर त्यांच्या खेळ विभागाचा बराच खर्च चालतो. स्वच्छ भाषेत, हरायचे पैसे. आणि तरी त्यांचा तो बुटका पॉइंट गार्ड (बॉल पुढे आणून खेळ चालवणारा) टीम अठ्ठावीस पॉइंटने मागे असताना सुटलेल्या बॉलवर जमिनीवर झेपावला, कोचने टाइमआऊट घेऊन फळ्यावर खेळी काढून दाखवली, आणि लागोपाठ दोन थ्री, म्हणजे लांबून मारलेले तीन पॉइंटचे बास्केट, गेले तेव्हा बाकावरची पोरं टॉवेल फिरवत असे नाचले की बोर्डावरचा स्कोअर कुणी त्यांना सांगितलाच नसावा. मी टाळ्या वाजवल्या, लेकीने कोपर मारलं, बाबा आपण या साइडला बसलोय.

जिंकल्यावर लोक दोन्ही हात वर करून सावकाश डोलवतात, गव्हाचं शेत वाऱ्यावर हलतं तसं. कॅन्सस म्हणजे गव्हाचा मुलूख. आपल्याकडे सोलापूरच्या टीमने ज्वारी डोलवायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम परत गेलो, कारण हॉलला लागूनच एका इमारतीत बास्केटबॉलचे मूळ 13 नियम काचेत ठेवलेत. हा खेळ काढणाऱ्या जेम्स नेस्मिथने 1891 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्याच स्प्रिंगफील्डला टाइप करून घेतलेली दोन पानं, 2010 च्या लिलावात 43 लाख डॉलरला गेली. त्यात ड्रिब्लिंग नाहीच, बॉल घेऊन पळायचं नाही, जिथे पकडला तिथूनच टाकायचा. नेस्मिथ 1898 ला लॉरेन्सला आले, इथले पहिले कोच झाले आणि 55 जिंकून 60 हरले! खेळ ज्याने काढला तोच या कॉलेजचा जिंकल्यापेक्षा जास्त हरलेला एकमेव कोच. त्यांच्याच शिष्याचं, फॉग ॲलनचं, नाव या हॉलला आहे, आणि गुरूचं नाव खालच्या लाकडी कोर्टला. मला हे फार बरोबर वाटलं.

तर विनंती. आपल्या खेळाच्या पानावर आयपीएलच्या लिलावाला अर्धं पान असतं, असू दे. पण विद्यापीठाच्या आंतरकॉलेज बास्केटबॉलचा नुसता स्कोअर, चार ओळी, खाली कोपऱ्यात, टीमचं नाव आणि कोणी किती बास्केट केले एवढं छापा की. माझ्या वेळी अशा चार ओळींचं कात्रण आमच्या टीमच्या सेंटरने, म्हणजे बास्केटखाली खेळणाऱ्या गड्याने, पाकिटात वर्षभर जपलं होतं, घडीवर फाटलं तरी.

छापलंत तर मी तो पेपर फाडणार नाही, शब्द देतो.

आपला एक जुना वाचक,
भायखळा (सध्या मुक्काम कॅन्सस)