चार कुत्री, एक परात? नको हो!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत घरात दोन-तीन-चार कुत्री असणाऱ्यांसाठी लेख आला होता आणि वर अर्धं पान भरून फोटो, चार कुत्री एका परातीत तोंड घालून जेवतायत. आमच्याकडे चार कुत्री आहेत आणि तो फोटो बघून माझ्या पोटात गोळाच आला. यांनी पेपर घेतला, फोटो बघितला आणि काही न बोलता डाव्या हाताचा अंगठा वर करून दाखवला. त्या अंगठ्याला सात टाके पडलेत, पाच वर्षं होऊन गेली तरी तो पूर्ण वळत नाही. ते का, ते सांगायला हे पत्र. लांबलंय खरं, काटछाट करा हवी तर, पण खाण्याबद्दलचं आणि 'बॉस'बद्दलचं तेवढं ठेवा.

लेखात म्हटलंय की कळपात एक अल्फा, म्हणजे सगळ्यांचा बॉस, असतो, तो कोण ते ओळखा, त्याला आधी जेवायला द्या, आधी दारातून सोडा, आणि सगळ्यांच्या वरचा अल्फा तुम्ही व्हा, कुत्रा गुरगुरला तर पाठीवर पाडून दाबून धरा. हे सगळं आम्ही केलंय. पैसे देऊन केलंय.

आमच्याकडे आधी राणी होती, लॅब, साधी बाई. मग एका पावसाळ्यात स्टेशनच्या रस्त्याला बंद टपरीखाली दोन पिल्लं सापडली, दोन्ही माद्या, दीडेक महिन्याच्या असतील. एकच आणायची ठरवून गेलो आणि दोन घेऊन आलो, कारण काय तर एकमेकींना सोबत होईल. चिमी आणि चिंगी. येईल तो कौतुक करायचा, एका टोपलीत झोपतात, एका ताटलीत जेवतात, किती गोड. एकीला फिरायला नेलं की दुसरी रडून घर डोक्यावर घ्यायची म्हणून कायम दोघींना बरोबरच नेलं, शिकवलं तेही एकत्र म्हणजे खरं तर काहीच शिकवलं नाही, हाक मारली की आधी एकमेकींकडे बघायच्या आणि मग जमलं तर आमच्याकडे. एका वेतातली दोन पिल्लं एका घरात आणू नयेत असं जाणकार सांगतात ते उगाच नाही हे फार उशिरा कळलं, आणि त्यातून दोघी माद्या. आमचा समज असा की भांडतात ते नर, पण एका घरातल्या दोन माद्यांचं वाजलं की ते फार वाईट वाजतं. दोघींची नसबंदी झालेली होती, तरी.

पावणेदोन वर्षांच्या असताना एका रविवारी जेवणाच्या टेबलाखाली यांच्या ताटातली मटणाची नळी पडली. (शिजवलेलं हाड कुत्र्याला द्यायचंच नसतं, ते फुटून घशात-आतड्यात टोचतं, पण तो वेगळा विषय.) चिमीनं ती उचलली आणि चिंगी समोर आली. आता ते सगळं मला स्लो मोशनमध्ये आठवतं. चिमीचं चावणं थांबलं. मान खाली, हाडाच्या वर, अंग लाकडासारखं कडक, तोंड घट्ट मिटलेलं, डोळा कडेनं चिंगीवर, इतका की पांढरं दिसत होतं. शेपूट वर ताठ आणि फक्त टोक हलत होतं. आणि मी काय म्हणाले माहितीये? बघा कशी लाडात शेपूट हलवतेय. पुढच्या सेकंदाला टेबलाखाली नुसता गोंधळ, खुर्ची पडली, राणी बेडरूममध्ये पळाली, आणि यांनी सोडवायला मधे हात घातला. अंगठा कुणी फोडला ते आजपर्यंत माहीत नाही, त्या दोघींनाही माहीत नसणार. मी घाबरून वर हळद दाबली, त्यावरून दवाखान्यात डॉक्टर माझ्यावर ओरडल्या, हळद-चुना काही लावायचं नाही, आधी वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची, आणि कुत्री घरची, लस दिलेली असली तरी दवाखान्यात यायचंच.

मग ट्रेनर लावला. महिन्याला आठ हजार. त्यानं दोन दिवस बघून निकाल दिला की चिंगी अल्फा आहे, चिमी तिला चॅलेंज करते, म्हणून चिंगीला सगळं आधी द्या आणि चिमी गुरगुरली की पाठीवर पाडा. आम्ही इमानदारीत केलं. तीन आठवड्यांत चिमी गुरगुरायची बंद झाली आणि आम्ही खूश. पुढची मारामारी झाली तेव्हा गुरगुर झालीच नाही, थेट दात. व्हेटकडे नेली तर मॅडम म्हणाल्या, गुरगुरणं ही नोटीस असते, तुम्ही नोटीस देणाऱ्यालाच मारलंत, आता ती नोटीस न देता चावते. हे वाक्य मी तेव्हापासून भेटेल त्या कुत्रेवाल्याला ऐकवते.

अल्फाची गोष्ट मूळ कुठून आली तेही त्यांनीच सांगितलं, मग मी नेटवर बसून वाचलं. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या अभ्यासकानं स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातले लांडगे बघून १९४७ मध्ये लिहिलं, आणि ते लांडगे म्हणजे कुंपणाच्या आत एकत्र कोंडलेले, सुटून कुठे जाणार, तर मारामाऱ्या होणारच. लोकलच्या डब्यात माणसांचं काय होतं बघा. पुढे अमेरिकेतल्या डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकातून अल्फा जगभर पसरला. पण त्याच मीचनी नंतर कॅनडाच्या उत्तरेला एल्समियर बेटावर वर्षानुवर्षं मोकळे लांडगे बघितले आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब, आई, बाप आणि त्यांची पोरं, खुर्चीसाठी मारामारी करून कुणी अल्फा होत नाही. आपलंच पुस्तक छापू नका म्हणून ते प्रकाशकाच्या मागे लागले आणि २०२२ मध्ये ते बंद झालं. लिहिणाऱ्यानं सोडलं, आमचे ट्रेनर सोडत नाहीत. शिवाय कुत्रा म्हणजे लांडगा नाही आणि आपल्याला दोन पाय आहेत हे कुत्र्याला व्यवस्थित कळतं.

तर आम्ही बॉस शोधायचं बंद केलं आणि दारं लावायला शिकलो. हे वाचायला फार मिळमिळीत वाटेल पण घरात जास्त कुत्री असली की निम्मं काम दारांचंच असतं. चौघांची जेवणाची जागा वेगळी, राणी स्वयंपाकघरात, चिमी मागच्या खोलीत, चिंगी जिन्याखाली जाळीच्या आड, बंड्या गॅलरीत. (बंड्या चौथा, तो गावठी, आणलेला नाही, एका दिवाळीत फटाक्यांना घाबरून गेटमधून आत आला आणि राहिला.) ताटल्या खाली ठेवायच्या, दारं लावायची, सगळ्यांचं झालं की ताटल्या उचलायच्या, धुवायच्या, मग दारं उघडायची. रिकामी ताटलीसुद्धा मधे ठेवायची नाही, रिकाम्या ताटलीवरून पण भांडणं लागतात, आपल्याकडे वाटण्या होताना फुटक्या पातेल्यावरून लागतात तशीच. चघळायचं काही असेल तर ते बंद दाराआडच.

आणि शिकवणं एकेकाला. रोज पाच मिनिटं, बाकीचे तिघे आत. आधी फक्त नाव. चिमी म्हटलं आणि तिनं बघितलं की एक फुटाणा, बिनमिठाचा, महागड्या ट्रीट लागत नाहीत. मग 'बस', मग 'सोड', मग 'जागेवर'. प्रत्येकाची जुन्या गोधडीची एक घडी आहे तीच जागा. एकट्यानं पक्कं झालं की दोघांना समोर घ्यायचं, मग तिघांना, आणि नाव आधी, हुकूम नंतर, "राणी, बस", नाहीतर नुसतं बस म्हटलं की ज्याला बसायचंय तो बसतो आणि ज्याच्यासाठी म्हटलं तो बघत राहतो. गेट उघडलं तरी नाव घेईपर्यंत कुणी हलायचं नाही हे बसवायला आम्हाला चार महिने लागले. पण एकदा बसलं की गेटवरची ढकलाढकली गेली, आणि आमची निम्मी भांडणं गेटवरचीच होती.

बेलचं तर विचारूच नका. पार्सलवाला आला की चौघे दाराशी भुंकायला, बाहेरच्याला तर चावता येत नाही, मग तो राग शेजारी उभ्या असलेल्यावर निघायचा. साहेबांनी झापलं की माणूस घरी येऊन बायकोवर ओरडतो त्यातलाच प्रकार. तर बेलचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड केला, अगदी बारीक आवाजात वाजवायचा आणि प्रत्येकाला आपापल्या गोधडीवर उकडलेल्या चिकनचा तुकडा, रोज थोडा थोडा आवाज वाढवत. आता बेल वाजली की तिघं गोधडीवर पळतात आणि बंड्या अजून दाराशी जातो, त्याचं काही होणार नाही.

मारामारी लागलीच तर हात मधे घालू नका, ओरडू पण नका, ओरडण्यानं ते आणखी पेटतात. आमच्याकडे टेबलाच्या मागे एक प्लायचा तुकडा कायम उभा असतो, तो मधे सरकवायचा. नाहीतर जाड चादर टाका, बादलीभर पाणी टाका. सुटल्यावर लगेच "चला, सॉरी म्हणा" करत समोरासमोर आणायचं नाही, अंगातली ती गरमी उतरायला दोन-तीन दिवस जातात. आणि जो कुत्रा अचानक चिडका झालाय त्याला ट्रेनरच्या आधी व्हेटला दाखवा. बंड्या मध्यंतरी राणीवर विनाकारण गुरगुरायला लागला तर त्याच्या कानात इन्फेक्शन निघालं, राणी झोपेत त्याच्या कानाला लागायची. पंधरा दिवस ड्रॉप्स घातले, भांडण संपलं. तो ट्रेनर असता तर बंड्याला पाठीवर पाडला असता.

खरं सांगायचं तर चिमी-चिंगीचं सगळं गोड झालेलं नाही. सुरुवातीला रस्त्याच्या दोन कडांनी, मी एकीला आणि हे एकीला धरून, एकाच दिशेनं चालायचो, समोरासमोर नाही, दोघींना जाळीचा मझल, म्हणजे चावू नये म्हणून तोंडावर चढवायची जाळी, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं तो. कापडी घट्ट पट्टीवाला घालून फिरवू नका, त्यात कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत आणि उन्हाळ्यात ते जिवावर येतं. रस्त्याची रुंदी कमी करत करत एका पट्ट्याच्या अंतरावर यायला आम्हाला आठ महिने लागले. आज दोघी एका खोलीत असतात, पण आमच्यापैकी कुणीतरी तिथे जागं असेल तेव्हाच. रात्री आणि आम्ही बाहेर गेलो की वेगळ्या खोल्या. पाच वर्षं हेच चाललंय आणि पुढेही चालेल. नातेवाईक म्हणतात एकीला देऊन टाका, कुणी म्हणतं एकीला गच्चीवर साखळीनं बांधून ठेवा, काय कटकट लावून घेतलीये. देऊन टाकणं कधीकधी खरंच योग्य असतं, चांगलं घर मिळालं तर, त्यात पाप वगैरे काही नाही, आम्हाला मिळालं नाही. पण गच्चीवर कायम बांधणं हा इलाज नाही, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला न फिरवणं हा गुन्हाच आहे. आणि बांधलेला कुत्रा सुटतो त्या दिवशी काय करतो ते आमच्या गल्लीनं बघितलंय.

तर विनंती एवढीच की पुढच्या रविवारी छोटी का होईना एक चौकट छापा, एका परातीत जेवायला घालू नका आणि कुत्र्याला पाठीवर पाडू नका. लिहून द्यायला आमच्या व्हेट मॅडम तयार आहेत, मी विचारून ठेवलंय. फोटो हवा असेल तर माझ्याकडे चौघांचा एका फ्रेममधला फोटो नाही. चार दारांचे आहेत.

आपली,
एक वाचक, तळेगाव दाभाडे
(नाव छापू नका, सोसायटीत चौथ्या कुत्र्याचं अजून सगळ्यांना माहीत नाही.)